दादूच्या टर्बोची गळती

लोक सातारा-सांगलीकडे जातात ते लग्नाला, नाहीतर देवाला, नाहीतर मिरजेच्या डॉक्टरांना दाखवायला. मी गेलो ते एका इंजिनाची तेलगळती बघायला. आणि आता लिहायला बसलोच आहे तर खरं सांगून टाकतो. ती गळती चांगली मोठी असावी, दादूच्या हातून बंद होऊ नये आणि चार लोकांदेखत मी ती दहा मिनिटांत बंद करावी, अशी इच्छा मनात धरून मी एसटीत बसलो होतो.

दादू हा माझा जुना सोबती. मी दाभोळच्या खाडीत लाँचची इंजिनं सांभाळतो. वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुंबईच्या गोदीत एका वर्कशॉपात, एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो. उस्ताद मला म्हणायचे, "सदानंद, तुझं डोकं चांगलं आहे." दादूला म्हणायचे, "हात असावा तर असा." आता तुम्हीच सांगा, मेकॅनिकला डोक्याचं कौतुक काय कामाचं? तेव्हापासून जे पोटात दुखायला लागलं ते आजतागायत. पुढे दादू लष्करात गेला, तिथल्या गाड्या दुरुस्त केल्या आणि मुदत संपल्यावर कृष्णाकाठच्या आपल्या गावी परत आला. वर्षातून दोन-तीन पत्रं यायची आणि प्रत्येक पत्रात काहीतरी नवं असायचंच. लेथ घेतला, घरावर मजला चढवला, गावाने नदीवरच्या पंपाचं इंजिन त्याच्या ताब्यात दिलं. मी उलटटपाली लिहायचो, 'वाचून आनंद झाला.' आणि मग दोन दिवस मला जेवण गोड लागत नसे.

आदल्या दिवाळीत त्याने लिहिलं की लष्कराच्या लिलावात त्याला एक टर्बो मिळालाय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: इंजिनाचा धूर जो फुकट बाहेर जातो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची, की तेच इंजिन दीडपट ओढतं. गोदीत परदेशी टगांवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटींवर, मी हे यंत्र हाताळलं होतं. दादूने नव्हतं. म्हणून त्याने विचारलं होतं, तेलाची नळी कशी जोडू ते लिहून कळव. मी चार पानी पत्र लिहिलं, आकृती काढून. फक्त एक गोष्ट लिहिली नाही. टर्बोतून तेल परत इंजिनात आणणारी नळी जाड हवी आणि तिला सलग उतार हवा. मध्ये कुठे झोळ पडला तर तेल तुंबतं आणि टर्बोच्या बुडातून गळायला लागतं. विसरलो नव्हतो. ओळ लिहायला घेतली आणि म्हटलं, सगळंच काय मी सांगायचं?

बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. फेब्रुवारीत त्याचं कार्ड आलं. 'टर्बो बसवला. जोर लय वाढला. पण तेल गळतंय. गुरुवारच्या आत ये.' मी ते तीनदा वाचलं आणि पिशवी भरायला घेतली. बायको म्हणाली, "मित्राचं इंजिन बिघडलंय ना? तुमच्या तोंडाकडे बघून वाटतंय, बारशाला निघालात."

रविवार : कुंभार्ली चढून वर

चिपळूणहून सकाळची गाडी धरली. कुंभार्लीचा घाट चढताना खिडकीतून पोफळी खाली खाली जात राहिली आणि माथ्यावर आल्याबरोबर अशी थंडी लागली की मी पंचा डोक्याला गुंडाळला. कोयना गेली, पाटण गेलं, आणि हळूहळू आमची तांबडी माती संपून काळी सुरू झाली. मग ऊस. दोन्ही बाजूंना ऊस. आमच्याकडे माणूस चार गुंठ्यांची गोष्ट चार तास सांगतो. इथे शेजारी बसलेला टोपीवाला म्हातारा हाताने नुसतं क्षितिज दाखवून म्हणाला, "ह्ये आमच्या भावकीचं."

त्याने मला सगळं विचारून घेतलं. कुठलं गाव, कुणाकडं, कशापायी. आमच्याकडेही लोकांना सगळं जाणून घ्यायचं असतं, पण ते शेजाऱ्याकडून काढून घेतात. इथे सरळ तोंडावर विचारतात. मी दादूचं नाव सांगितल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"इंजनवालं दादू व्हय? आवं, लय गुणी मानूस. आमच्या हिरीवरचं इंजन तेनंच हुबं केलं."

कराड अजून यायचं होतं. दाभोळात माझी ओळख खाडी ओलांडली की संपते, आणि हा माणूस दोन तालुके अलीकडे गाजत होता. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. म्हाताऱ्याने गाठोडं सोडून शाळूची अर्धी भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा माझ्या हातावर ठेवला. रागाच्या भरात मी मोठा घास घेतला आणि कराडपर्यंत नाक पुसत बसलो.

कराडला गाडी बदलून सांगलीच्या रस्त्याला लागलो आणि दुपार कलता दादूच्या गावात उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. दादू फाट्यावर उभाच होता. माझे केस गेले, पोट आलं. त्याचे केस जागच्या जागी आणि पोट अजून लष्करातच असल्यासारखं. त्याने मला मिठी मारली, माझी पिशवी काढून घेतली आणि म्हणाला, "आलास गड्या. आता मला घोर न्हाई."

घर खरोखरच दुमजली निघालं. दारात त्याची बायको शालन उभी होती, रहिमतपूरकडची, उंच आणि बोलायला मोकळी. "भावजी, पाय धुवा आन् जेवायलाच बसा," म्हणाली. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, जेवणार का? त्याने नको म्हणावं एवढी सोय ठेवलेली असते. इथे ती सोयच नाही. पानात दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी, दाण्याची चटणी, वर कांदा फोडून, आणि ताकाचा तांब्या शेजारी. मी भात शोधत होतो. भात शेवटी आला, मूठभर, औषधासारखा.

सोमवार : नदीकाठ

सकाळी आम्ही इंजिनावर गेलो. नदीच्या दरडीवर पत्र्याची शेड, आत ट्रकचं जुनं सहा सिलिंडरचं इंजिन, त्याला जोडलेला पंप. पंपाची जाड पाईप दरडीवरून उसाच्या पट्ट्यातून जात होती आणि तिथून पुढे माळावर चढत होती. वाटेत दादूने प्रकरण सांगितलं. खालच्या रानांना पाणी पूर्वीपासून मिळतं. वर माळावर धनगरांची अकरा घरं आहेत. पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, दुष्काळात मेंढरं गेली आणि ते शेतीला लागले. दादूने त्यांना शब्द दिला होता की टर्बो बसवून पाणी माळावरच्या टाकीत चढवतो. त्या शब्दावर त्यांनी कांदा लावला होता. कांद्याला आता ते पाणी मिळालं तरच तो जगणार होता.

"मग गुरुवारचं काय?"

"पंच म्हनत्यात, गळती थांबव, न्हाईतर गुरुवारी ही गोगलगाय काढून टाक." टर्बोचा आकार शंखासारखा, म्हणून सगळं गाव त्याला गोगलगाय म्हणत होतं. "गळल्यालं तेल धुराच्या तापल्या नळीवर पडतंय. परवा पेटलं. शेडीतली पोती जळली. खालचं लोक म्हनत्यात, आमचं इंजन जाळशील आन् आमचा ऊसबी वाळवशील."

शेडच्या दाराशी एक म्हातारा घोंगडी पांघरून बसला होता. माळावरचा बिरूतात्या. रोज सकाळी उतरून यायचा, इंजिनाकडे बघत बसायचा आणि उन्हं चढली की परत जायचा. त्याने मला नमस्कार केला आणि विचारलं, "पाव्हणं, हुईल का?"

"होईल की," मी म्हणालो. मला कारण ठाऊकच होतं. मी बाह्या वर केल्या, सगळ्यांना दिसेल असा उभा राहिलो आणि टर्बोच्या खाली हात घातला. परतीच्या नळीचा झोळ शोधायला.

झोळ नव्हता. चांगली दोन बोटं जाडीची नळी, टर्बोच्या बुडापासून निघून सलग उतरत इंजिनाच्या तळाला गेली होती. गोदीतल्या टगावर असायची त्याहून सरळ. मी खाली वाकून दोनदा बघितलं.

"ही अशी लाव म्हणून कुणी सांगितलं तुला?"

दादूला प्रश्नच कळला नाही. "सांगायचं काय त्येच्यात? तेल परत खालीच यायचं हाय न्हवं? पाट कवा चढाला लावत्यात व्हय?"

बिरूतात्यासुद्धा हसला. जे मी चोरून ठेवलं होतं ते शेताला पाणी पाजणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक होतं. चार महिने मी एक गुपित उराशी धरून बसलो होतो आणि त्याची किंमत तिथे काहीच नव्हती. मला इतकी लाज वाटायला हवी होती की मी हात जोडायला हवे होते. त्याऐवजी मला दादूचा जास्तच राग आला.

मग गळत कुठे होतं? दादूने इंजिन सुरू केलं. पंधरा मिनिटं काही नाही. इंजिन तापलं, तेल पातळ झालं, आणि टर्बोच्या डोक्यावर, जिथे तेलाची नळी आत जाते त्या सांध्याभोवती काळी रेघ उमटली. मग थेंब. थेंब खालच्या तापल्या बिडावर पडून चर्र झाला आणि डोळे झोंबायला लागले. इंजिन बंद करून मी सांधा खोलला. एक पोकळ बोल्ट, त्याला आडवी भोकं, आणि नळीच्या कड्याच्या वर-खाली एकेक वॉशर. वॉशर पुसून हातावर घेतला आणि हसू की रडू कळेना. तो पैसा होता. युद्धाच्या काळातला, मधोमध भोक असलेला तो जुना पैसा. आमच्याकडे तो लहान मुलाच्या करगोट्यात ओवायचे.

"हिकडं समद्या हिरींवर ह्योच वायसर," दादू म्हणाला. "बोल्ट परदेशी. कराडात, सांगलीत, ह्या मापाचा वायसर कुटंच घावंना. ह्यो बरोब्बर बसला."

बसला होता खरा. आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून, मी यायच्या आधी, पाण्याच्या पाईपला गुंडाळतात तशी सुतळी सफेदा लावून आट्यांवर गुंडाळली होती. गावातल्या पाईपवाल्याने. त्या मुलखात पाणी गळो की तेल, औषध एकच.

बोल्ट पुसताना त्याच्या आडव्या भोकात मला सुतळीचे दोन धागे दिसले. मी ते नखाने काढले. धागे तिथे आहेत, म्हणजे चुरा तेलाबरोबर पुढेही गेला असणार, टर्बोच्या तोंडाशी. टर्बोचा दांडा मिनिटाला हजारांनी फेरे घेतो, आणि त्याचा सगळा जीव त्या तेलाच्या बारीक धारेवर. धार बंद झाली की दांडा जागच्या जागी जळतो. आज नाही तर आठवड्याने.

दादू पाठमोरा होता, रॉकेलचा डबा उघडत होता. मी धागे पॅंटला पुसले आणि काही बोललो नाही.

का, ते सांगतो. गळती मी बंद करीन, ती कोरडी राहील, मी घरी जाईन. मग कधीतरी टर्बो जळेल आणि लोक म्हणतील, दाभोळच्या पाहुण्याचं काम चोख होतं, दादूचं खूळच खोटं होतं. हा सगळा विचार मला करावासुद्धा लागला नाही. तो तयारच होता.

मंगळवार : मिरज

वॉशर करून घ्यायला आम्ही मिरजेला गेलो. शालनने बरोबर भडंगाची पुडी दिली होती, ती सांगलीच्या अलीकडेच संपली. मिरजेत मी निम्म्या रस्त्यावर आजारी माणसं आणि निम्म्यावर भोपळे बघितले. भोपळे म्हणजे सतार-तानपुऱ्याचे, वाळवलेले, माणसाच्या मिठीत मावणार नाहीत एवढे, दुकानांच्या आढ्याला टांगलेले. दादूला तांबटाकडे जायची घाई होती, पण एका दुकानापुढे तो थांबला तो हलेचना. आत एक कारागीर तानपुऱ्याच्या घोडीला कानस लावत होता. दोन हात मारायचा, तार छेडायचा, मान हलवायचा, पुन्हा दोन हात.

"काय घासताय?" दादूने विचारलं.

"तार जिथे बसते ती जागा," कारागीर मान वर न करता म्हणाला. "केसभर खडबड राहिली की आवाज फाटतो."

दादूने खिशातून तो पैसा काढला, अंगठ्याने त्याच्यावरचा मुकुट आणि अक्षरं चाचपली. मला कळलं आता हा काय बोलणार. तेच मी तांबटाच्या दुकानात, चार लोकांत, ऐटीत सांगायचं ठरवलं होतं.

"सदा, ह्या अक्षरांतनं गळतंय रं. गरम झालं की वाट घावती तेलाला."

"असेल," मी म्हणालो. काय करणार? उस्ताद उगाच नव्हते म्हणाले. हात तर त्याचा होताच, आता डोकंही त्याचंच.

तांबट मात्र माझ्या वाट्याला आला. तांबट आळीत ठोकाठोक इतकी की बोलणं खुणांनी. म्हाताऱ्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यातून दोन कडी कापली, घासून सपाट केली. मी म्हटलं, आता लाल करा आणि पाण्यात टाका.

"आरं, कडक हुईल की," दादू म्हणाला. "मऊ पायजे आपल्याला."

"लोखंड कडक होतं. तांबं उलटं वागतं."

दादूने तांबटाकडे बघितलं. तांबटाने माझ्याकडे बोट दाखवून मान डोलावली. निखाऱ्यावर लाल झालेली कडी पाण्यात चुरचुरली, आणि बाहेर काढून दादूने दाबून बघितली तर नखाचा वण उठला. "च्या मायला," तो हळूच म्हणाला, "वीस वर्सं लोखंडात घालवली आन् ह्ये ठावं न्हाई." मग मोठ्याने तांबटाला म्हणाला, "आमचा मैतर हाय. कोकनातला. लय डोकं."

तो मनापासून बोलला. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो, तो झोपला होता, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं होतं. तेवढ्या वेळात मी ते धाग्यांचं सांगू शकलो असतो. त्याला उठवावं असंही एकदा वाटलं. सांगलीचा पूल आला, गेला.

बुधवारी कडी बसवली, अर्धा तास इंजिन चालवून बघितलं. पंप सोडून, नुसतंच. सांध्याखाली पांढरा कागद धरला, तो पांढराच राहिला. संध्याकाळी शालनने मटण केलं. माझ्या पानात तिने सगळी नळी-हाडं वाढली आणि मी ती चोखत असताना दादू माझ्या चार पानी पत्राबद्दल शेजाऱ्यांना सांगत होता. पत्र त्याने जपून ठेवलं होतं. ते फिरवायला काढलं. माझी आकृती हातोहात गेली. मला रस्सा तिखट लागतोय असं सांगून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

गुरुवार : माळ

नारळ, हळदकुंकू, इंजिनाला हार. खालच्या रानातले पंच एका बाजूला, माळावरची माणसं दुसऱ्या बाजूला, बायका दरडीवर. माझ्या डोक्याला फेटा बांधला होता आणि तो एका कानावर घसरत होता. आमच्याकडे नव्या लाँचची पूजा होते तेव्हा सगळे घाईत असतात, भरती सांभाळायची असते. इथे सगळं सावकाश. दादूने चार शब्द बोलताना माझंच नाव दोनदा घेतलं. मग नारळ फोडला आणि इंजिन सुरू केलं, यावेळी पंपासकट, पूर्ण जोराने.

टर्बोने शीळ धरली. नदीचं पाणी पाईपमधून चढायला लागल्याचा आवाज पत्र्यात घुमला. दादू सांध्याखाली कागद धरून बसला होता, वर बघून हसला. गळत नव्हतं.

शीळ एकसारखी हवी. मी ती गोदीत दोन वर्षं ऐकली आहे. तिच्यात खरखर आली. बारीक, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी. तेलाची धार आटत होती. अजून पाच मिनिटं, नाहीतर दहा. मी हातावर हात ठेवून उभा राहिलो असतो तर आज हे लिहीत बसलो नसतो. बिरूतात्या डोळे मिटून उभा होता, ओठ हलत होते. मी पुढे झालो आणि इंजिन बंद करायची तार ओढली.

असं गप्प झालं की नदीचा आवाज आला. पंचांतला एकजण म्हणाला, "नारळ फोडल्यावर बंद? काय चाललंय काय?" मी सांधा खोलला. बोटं भाजली. नळी काढली आणि टर्बोच्या तोंडात वाकडी तार घालून ओढली. सुतळी आणि सफेदा, तेलात भिजून झालेला बोटाच्या पेराएवढा बोळा बाहेर आला. दादूने टर्बोच्या पंख्याला बोट लावून फिरवलं. फिरला. वाचला होता.

लोक पुढे सरकले. बोळा हातोहात गेला. दादू माझ्याकडे बघत म्हणाला, "आवाजावरनं वळाकलंस? काय कान हाय रं तुजा."

नुसती मान हलवायची होती. अख्ख्या गावाने खांद्यावर घेतलं असतं. माझी मान निम्मी हललीही.

बिरूतात्याने विचारलं, "पाव्हणं, ह्ये आत हाय, तुमाला कवा कळलं?"

"सोमवारी," मी म्हणालो.

"कवा?" दादू म्हणाला.

"सोमवारी. बोल्ट खोलला तेव्हा. दोन धागे दिसले होते. मी बोललो नाही."

"का?"

"तुझं काम फसावं म्हणून. पत्रातसुद्धा परतीच्या नळीचा उतार मी मुद्दाम लिहिला नव्हता. जळतो मी तुझ्यावर, दादू. गोदीपासून."

शालन दरडीवरून दोन पावलं खाली आली होती, तिथेच थांबली. दादूने हात पुसायला फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसत राहिला. मला वाटलं आता मारणार. मी फेटा काढून पत्र्यावर ठेवला.

"मग वीस वर्सं पत्रं कशापायी लिवलीस?" शेवटी तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण चांगला नव्हता.

"दुसऱ्या कुणाला लिहिणार? इंजिनातलं कळणारं मला कोण आहे?"

त्याने फडकं माझ्या अंगावर टाकलं. "नळी धू," म्हणाला. "आन् फुंकून बघ, तोंडानं."

मी रॉकेलने नळी धुतली, तोंड लावून फुंकली, तीनदा. तोंडात रॉकेलची चव दोन दिवस राहिली. त्याने टर्बोचं तोंड धुतलं. तांब्याची कडी पुन्हा लाल करून पाण्यात टाकली, ती त्यानेच, चुलीतल्या निखाऱ्यावर. तासभर आम्ही शेजारी बसून काम केलं आणि पाना मागण्यापलीकडे एक शब्द बोललो नाही. पंच गेले नाहीत. माळावरचेही नाहीत. नारळाचं खोबरं कुणीतरी वाटत फिरत होतं, मला दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

इंजिन दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा शीळ स्वच्छ होती. पाणी पाईपमध्ये चढायला लागलं तशी सगळी माणसं उसाच्या कडेने माळाकडे पळत सुटली. टाकीत पाणी पडताना प्रत्येकाला बघायचं होतं. बिरूतात्या घोंगडी सावरत, जमेल तसा. दादूही शेडच्या दारापर्यंत गेला आणि थांबला. तापल्या इंजिनापाशी कुणीतरी राहायला हवं होतं, पहिला तासभर तरी, हात तारेवर ठेवून. त्याने माझ्याकडे बघितलं. मघाशी मी जे बोललो होतो त्यानंतर त्याने मला तिथे एकट्याला ठेवायचं काही कारण नव्हतं.

"तू जा," मी म्हणालो. "मी बघतो."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि पळाला.

मी सांध्याशी खाली बसलो. पाव तास गेला, इंजिन तापलं, तेल पातळ झालं असणार. त्या गळतीची वेळ झाली. हेवा गेला म्हणून सांगत नाही, तो जायचा नाही, पण त्या वेळी मी देवाकडे एवढंच मागत होतो की थेंब येऊ नये. मग वरून, माळावरून आरोळी आली, बायकांची, पुरुषांची, एकात एक मिसळलेली. नाव दादूचं होतं. मी सांध्याखालून बोट फिरवलं. कोरडं निघालं.